डेट्रॉईटमध्ये हजार डॉलरला घर मिळतं हे खरं आहे का? पुण्यात बसून गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

मिळतं. घेऊ नका.

एवढं लिहून थांबणार होतो, पण तुम्ही प्रश्नाखाली एक ओळ जोडली आहे: "तशीही ती लोकांनी टाकून दिलेली घरं आहेत, कुणाचं काय जातंय?" हेच वाक्य 2012 साली माझ्या साडूने फोनवर म्हटलं होतं आणि मी "हो ना" म्हणालो होतो. म्हणून आता जरा लांबण लागेल.

मी 1998 ला पिंपरीहून मिशिगनला आलो, गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत. राहतो नोवीला. इथल्या मराठी घरांत "आम्ही डेट्रॉईटला असतो" म्हणायची पद्धत आहे, पण ते डेट्रॉईट म्हणजे नोवी, ट्रॉय, कॅन्टन ही उपनगरं. खुद्द शहरात पाऊल न ठेवता पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं मला माहीत आहेत. ज्याला आपण डेट्रॉईटचा विमानतळ म्हणतो तोसुद्धा रोम्युलसमध्ये आहे. मीही त्यातलाच. एट माइल रोड, म्हणजे शहराची उत्तरेकडची हद्द, ओलांडायचा तो बेसबॉलच्या मॅचला नाहीतर पाहुण्यांना नदी दाखवायला.

2008 नंतर भाव कोसळले, आमची कंपनीही हेलकावे खात होती, तेव्हा न्यूजर्सीच्या साडूच्या डोक्यात हे लिलावाचं खूळ शिरलं. प्रकार असा. मिशिगनमध्ये 1999 चा कायदा आहे, त्यानुसार घरपट्टी तीन वर्षं थकली की घर काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाच्या, ताब्यात जातं. थकलेल्या रकमेवर वर्षाला 18 टक्क्यांपर्यंत व्याज. मग सप्टेंबरात पहिला लिलाव, त्यात बोली थकबाकीपासून सुरू. तिथे कोणी हात लावला नाही तर ऑक्टोबरात दुसरा, आणि तिथे तेव्हा बोली 500 डॉलरपासून. अख्खं विटांचं घर, खाली तळघर, पुढे-मागे अंगण, आणि भाव पुण्यातल्या पार्किंगच्या जागेपेक्षा कमी. कुणाचीही लाळ गळेल. आमची गळली.

अट अशी की घर फक्त बाहेरून बघायचं, आत जायचं नाही. मी एक्सेलमध्ये चाळीस पत्ते काढले आणि दोन शनिवार गाडीने फिरलो. साडू तिकडून सूचना द्यायचा: छप्पर बघ, खिडक्या बघ, शेजारी जळकं घर नाही ना ते बघ. आम्हाला आवडलं ते वायव्य भागातलं, एट माइलच्या अलीकडचं एक बुटकं विटांचं घर. पुढच्या खिडक्यांवर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं अॅल्युमिनियमचं छत, पोर्चवर झुलणारी एक लोखंडी खुर्ची. डावीकडे तीन प्लॉट नुसतं गवत. पडदे लावलेले होते. गवत कापलेलं होतं. दारात गाडी नव्हती. मी एक्सेलमध्ये लिहिलं: "बहुधा रिकामं." कापलेल्या गवताचं स्पष्टीकरणही मी स्वतःच शोधलं, शेजारी कापत असतील म्हणून. तसं कापतातही, ते खोटं नाही. पण माणसाला जे हवं असतं तेच तो एक्सेलमध्ये लिहितो.

2,100 डॉलरला मिळालं. निम्मे माझे, निम्मे साडूचे.

डिसेंबरात कागद आला तो क्विटक्लेम डीडचा. हे नीट समजून घ्या, कारण तुम्हाला कोणी हे सांगणार नाही. त्या कागदाचा अर्थ "आमचा जो काही हक्क असेल तो तुम्हाला दिला" एवढाच. हक्क निर्वेध आहे याची हमी नाही. पुढे विकायचं तर कोर्टात जाऊन तो स्वच्छ करून घ्यावा लागतो, वकिलाची फी वेगळी. तर तो कागद, एक नवं कुलूप, पहार आणि एक ओळखीचा प्लंबर घेऊन मी गेलो. प्लंबर यासाठी की घर आठवडाभर जरी रिकामं राहिलं तरी भंगारवाले तांब्याचे पाइप, घर गरम ठेवणारी भट्टी, गीझर उचलून नेतात, आणि उरलेले पाइप जानेवारीच्या गोठणात फुटतात.

बेल वाजवली ती नुसती रीत म्हणून. दार उघडलं.

सत्तरी ओलांडलेली बाई, अंगात घरातला लांब झगा, आतून कांदा परतल्याचा वास. तिला वाटलं मी गॅसवाला. हातातली पहार कुठे लपवावी ते मला कळेना. प्लंबर, शहाणा माणूस, गुपचूप गाडीत जाऊन बसला. मी कागद दाखवला. तिने चष्मा आणला, वाचला, परत वाचला आणि म्हणाली, "पण बाळ, हे घर तर आमचं फिटलंय." 1974 पासून राहत होती. नवरा तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात, कर्ज केव्हाच फिटलेलं. मग तिने कपाटावरून डबा काढला. तो निळा गोल बिस्किटांचा डबा, ज्यात आपल्या आयांचा सुईदोरा असतो, तोच. त्यात घरपट्टीच्या पावत्या, वर्षवार, रबर लावून. नवरा गेला त्या वर्षापर्यंतच्या. त्यानंतरची पाकिटं त्याच्या नावाने आलेली, म्हणून तिने फोडलीच नव्हती. "त्याची पत्रं मी कशाला वाचू?" उत्पन्न कमी असेल तर घरपट्टी माफ होते, त्यासाठी अर्ज असतो, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

घरी आल्यावर साडूला फोन केला. तो म्हणाला, "कायद्याने घर आपलं आहे. नोटीस दे, महिन्या-दोन महिन्यांत निघेल ती." मी म्हटलं, थंडीत? तर म्हणाला, "मग एप्रिलमध्ये दे."

आता मी कसा थोर निघालो हे सांगेन असं वाटत असेल तर थांबा. मी तीन महिने तिच्याकडून भाडं घेतलं. महिना 400 डॉलर. पेन्शन आली की ती चेक लिहून ठेवायची, मी पोर्चवरून घ्यायचो, आत बोलावलं तरी जायचो नाही. माझ्या खर्चाचा हिशोब माझ्याकडे तयार होता: चालू वर्षाची घरपट्टी, शिवाय पाण्याची जुनी थकबाकी. ती थकबाकी घराला चिकटलेली असते, मालक बदलला तरी सुटत नाही. चौथ्या महिन्यात ही माझ्याबरोबर गाडीत होती. मी चेक घेऊन आलो, हिने चेकवरची थरथरती सही बघितली आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या रात्री आमच्याकडे जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात तो चौथा चेक परत केला आणि घर त्या बाईच्या नावावर करून द्यायचं ठरलं. 2,100 डॉलर, हप्त्याने, भाड्याचे 1,200 त्यातून वजा. उरलेले तिच्या मुलीने फेडले. साडूचे पैसे मी खिशातून दिले, तेव्हापासून घरच्या प्रत्येक कार्यात तो मला "दानशूर कर्ण" म्हणतो.

तर "टाकून दिलेली" या शब्दावर माझं भांडण आहे.

साडूचा सिद्धांत सोपा आहे आणि तुमचाही तोच दिसतोय: 1967 ची दंगल झाली, लोक पळाले, युनियनने कंपन्या बुडवल्या, राहिले ते आळशी. आकडे बघा. 1950 ला डेट्रॉईटची लोकसंख्या 18,49,568 होती. 1960 ला 16,70,144. म्हणजे दंगलीच्या सात वर्षं आधीच पावणेदोन लाखांहून जास्त माणसं कमी झाली होती. पॅकार्ड या गाड्यांच्या कंपनीचा प्रचंड कारखाना 1956 लाच बंद पडला. नव्या कारखान्यांना एकमजली, पसरट जागा हवी होती, ती उपनगरांत होती. उपनगरातल्या नव्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळायचं, पण ते गोऱ्यांना. आमच्या त्या घरापासून पाच मिनिटांवर एक भिंत आहे, सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. 1941 साली एका बिल्डरने बांधली. काळ्यांची वस्ती शेजारी म्हणून त्याच्या घरांना कर्जाची हमी मिळत नव्हती. भिंत घातली, हमी मिळाली. आज तिच्यावर रंगीत चित्रं काढली आहेत. साडूला मी तिथे नेलं होतं. त्याने फोटो काढले आणि म्हणाला, "पण आता तर कोणी अडवत नाही ना?"

आणि "पुनर्विकास" म्हणून जे झालं त्यानेही कमी घरं खाल्ली नाहीत. ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली, म्हणजे काळ्यांचे धंदे, क्लब, चर्च असलेला गजबजलेला भाग, झोपडपट्टी ठरवून पाडला आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून हायवे नेला. 1981 ला पोलटाउनमध्ये हजाराहून जास्त घरं ताब्यात घेऊन जमीनदोस्त केली, चार हजारांवर माणसं हलवली, कशासाठी तर जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ते चालवून घेतलं आणि 2004 मध्ये एका दुसऱ्या खटल्यात सांगितलं की तो निकाल चुकला होता. तोवर तिथून गाड्या बाहेर पडायला लागून जवळपास वीस वर्षं झाली होती.

बरं, माणसं गेली तरी शहर तेवढंच राहतं. साधारण 360 चौरस किलोमीटर. तेवढेच पाइप, तेवढेच रस्ते, तेवढेच दिवे, आणि 2010 ला पट्टी भरायला उरले 7,13,777 लोक. मग पट्टीचा दर चढतो, देशात सर्वांत वरच्यांत जातो. घरांचे भाव कोसळले तरी महापालिकेच्या वहीत घराची किंमत जुनीच राहिली. डेट्रॉईट न्यूज या वृत्तपत्राने 2020 मध्ये हिशोब मांडला, 2010 ते 2016 या काळात घरमालकांवर किमान 60 कोटी डॉलर जादा घरपट्टी आकारली गेली. त्या जादा पट्टीपायी घरं लिलावात गेली आणि आमच्यासारख्यांच्या एक्सेलमध्ये आली. 2013 ला शहराने दिवाळं काढलं, कर्ज साधारण 18 अब्ज डॉलर, तेव्हा रस्त्यावरचे चाळीस टक्के दिवे बंद होते. अशा रस्त्यावर घरपट्टी भरायची, तीही जास्तीची!

आणि हे फक्त गरीब काळ्या वस्तीत होतं असं समजू नका. आमच्या ओकलंड काउंटीत, म्हणजे श्रीमंत उपनगरांच्या काउंटीत, एका माणसाच्या कराचे 8.41 डॉलर कमी भरले गेले. घर 24,500 डॉलरला विकलं गेलं आणि वरचे सगळे पैसे काउंटीने ठेवून घेतले. 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. आठ डॉलर म्हणजे आमच्याकडे दोन कॉफ्या.

आता तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. लिलाव अजून होतात. शहराच्या लँड बँकेकडेही, म्हणजे रिकामी घरं-प्लॉट सांभाळून विकणाऱ्या संस्थेकडेही, घरं असतात, त्यांच्या लिलावात बोली 1,000 डॉलरपासून. पण सहा महिन्यांत दुरुस्त करून राहण्याजोगं करायची अट असते, नाही जमलं तर घर परत जातं. इंडियाना राज्यातल्या गॅरी शहराने 2013 ला खरोखर एक डॉलरला घरं काढली होती, पण उत्पन्न दाखवा, दुरुस्त करा, स्वतः राहा या अटींवर. पुण्यात बसून यातलं काय करणार? तिथे बसून तुम्ही फक्त पट्टी, गवत न कापल्याचा दंड आणि कुणाच्या तरी भाच्याने लावलेली भट्टीच्या दुरुस्तीची बिलं भराल.

एक मात्र कबूल करायला हवं. सगळेच खरेदीदार आमच्यासारखे नव्हते. हॅमट्रॅम्क या डेट्रॉईटने वेढलेल्या छोट्या शहराला लागून, कॉनंट रस्त्याच्या आसपास बांगलादेशी कुटुंबांनी पडकी घरं घेतली, स्वतः राहिली, बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर दुधीचे मांडव घातले. ऑगस्टमध्ये जाऊन बघा, विजेच्या तारेपर्यंत वेल गेलेले असतात. लँड बँकही शेजाऱ्याला असा प्लॉट शंभर डॉलरला देते, ही त्यांची उत्तम योजना. तिथे राहायला येणार असाल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि खुशाल या. दुधी मिळेल, शेजार मिळेल. आणि शहर सावरतंय हेही खरं आहे: 1988 पासून ओसाड पडलेलं रेल्वे स्टेशन फोर्डने घेऊन 2024 मध्ये उघडलं, आणि 2023 च्या अंदाजात 1957 नंतर पहिल्यांदा लोकसंख्या किंचित वाढलेली दिसली. हेही सांगतो की मी स्वतः आजवर नोवी सोडलेलं नाही, तेव्हा फार शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही.

स्टेशन उघडलं तेव्हा साडू आला होता. संगमरवर बघून हरखला. परतताना त्या रस्त्यावरून गाडी न्यायला लावली. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं छत अजून आहे, खुर्चीला नवा रंग दिलाय, मुलगी राहते आता. साडूने गाडीतूनच फोनवर घराची आजची किंमत काढली आणि मला दाखवली. तेव्हापासून दर पाडव्याला सकाळी त्याचा मेसेज येतो: आधी तो आकडा, मग शुभेच्छा.