क्रॉस-प्लॅटफॉर्म सी लायब्ररीत विंडोज-लिनक्सच्या वेगळ्या व्याख्या हेडरमधे कशा सांभाळायच्या?

भाऊ, तुम्ही विचारलंय की लायब्ररी विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालवायचीय, हेडरमधे जागोजागी इफडेफ (कुठला कोड घ्यायचा, कुठला वगळायचा ते मॅक्रो बघून ठरवणाऱ्या ओळी) झालेत आणि एकीकडचं नीट केलं की दुसरीकडचं बिल्ड मोडतं. माझं म्हणणं एकच, जे हेडर दुसऱ्याच्या हातात जातं, म्हणजे पब्लिक हेडर, त्यात प्लॅटफॉर्मचं काहीच ठेवू नका. एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

मी जळगावला असतो, जिनिंगवाल्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. इंडिकेटरमधून सिरियल केबलनं वजन येतं, ते वाचायची छोटी सी लायब्ररी मी लिहिली होती, ऑफिसात विंडोजचा पीसी आणि गेटवर रास्पबेरी पाय, म्हणजे लिनक्स. हेडरमधे एक स्ट्रक्चर होतं, त्यात वजनाच्या आधी टर्मिऑसच्या (लिनक्सवर सिरियल पोर्ट सेट करायची सोय) सेटिंगचं एक फील्ड, आणि ते 'हॅव टर्मिऑस' अशा मॅक्रोच्या इफडेफमधे. हा मॅक्रो यायचा कॉन्फिग डॉट एचमधून, म्हणजे लायब्ररीच्या बिल्डपुरत्या सेटिंगच्या फाइलीतून. लायब्ररी बिल्ड होताना ती फाइल होती, पण ज्यानं लायब्ररी वापरून पावतीचा प्रोग्राम लिहिला त्याच्याकडे ती नव्हतीच, म्हणजे नाव तेच पण स्ट्रक्चरची साइज दोन ठिकाणी दोन. कंपायलर गप्प, लिंकर गप्प, आणि वजन भलत्याच जागेवरून वाचलं जातंय. ऐन हंगाम, कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत, मुकादम विचारतोय "भाऊ, काटा येडा व्हई गया का?" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत इंडिकेटरवरचा आकडा बघून हातानं पावत्या लिहिल्या. शेतकऱ्याचा वर्षाचा माल त्या आकड्यावर जातो, म्हणून हे मी हलक्यात घेत नाही.

आता पब्लिक हेडरमधे मी स्ट्रक्चरचं फक्त नाव जाहीर करतो, आतलं काही दाखवत नाही. वापरणाऱ्याला पॉइंटर मिळतो आणि उघडा, वाचा, बंद करा अशी तीन फंक्शनं, बस. टाइप सगळे स्टडइंट डॉट एचमधले, साइज ठरलेले, कारण ६४-बिट विंडोजवर लाँग ४ बाइटचा असतो आणि ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा, ते हेडरमधे आलं की पुन्हा तोच घोळ.

विंडोज डॉट एच तर पब्लिक हेडरमधे अजिबात नको. ते मिन आणि मॅक्स नावाचे मॅक्रो घेऊन येतं आणि समोरच्याच्या सी प्लस प्लस कोडमधलं एसटीडी मिन मोडतं, आणि त्याला कळतही नाही की हे तुमच्या हेडरमुळे झालं. आतल्या सोर्स फाइलमधे लागलं तर आधी नोमिनमॅक्स डिफाइन करून घ्या, मग ते दोन मॅक्रो येत नाहीत. सॉकेट वापरत असाल तर विनसॉक२ डॉट एच विंडोज डॉट एचच्या आधी.

आतला कोड एका फाइलमधे इफडेफ लावून कालवू नका, दोन फाइली करा, एक विंडोजची आणि एक पोसिक्सची (लिनक्ससारख्या युनिक्स सिस्टिमचं स्टँडर्ड), कुठली घ्यायची ते सीमेक, म्हणजे बिल्डचं टूल, ठरवेल. प्लॅटफॉर्म ओळखायचं एकच हेडर ठेवा, तेही सोर्स फोल्डरमधेच, इन्स्टॉल करायचं नाही. त्यात _विन३२ तपासा, अंडरस्कोरसकट, ३२ दिसलं तरी ते ६४-बिट बिल्डमधेही असतं. अँड्रॉइड आधी तपासा आणि लिनक्स नंतर, कारण अँड्रॉइडवर लिनक्सचाही मॅक्रो लागलेला असतो. आणि शेवटच्या एल्समधे "मग लिनक्सच असेल" असं धरू नका, तिथं एरर टाका, मॅकवर कोणी बिल्ड केलं तर तिथल्या तिथे थांबलेलं बरं.

अपवाद म्हणजे एक्स्पोर्टचा मॅक्रो, लायब्ररीतली फंक्शनं बाहेरच्याला वापरू देणारा. विंडोजवर डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) बनवताना डीएलएलएक्स्पोर्ट, वापरताना डीएलएलइम्पोर्ट, आणि जीसीसी-क्लँग या कंपायलरांवर व्हिजिबिलिटी डिफॉल्ट, हे पब्लिक हेडरमधेच लागतं. पण यानं कुठल्याच स्ट्रक्चरची साइज बदलत नाही, आणि प्लॅटफॉर्मची ओळख कंपायलरच्या स्वतःच्या मॅक्रोवरून होते, कॉन्फिग डॉट एच लागतच नाही.

तपासायचं असेल तर रिकाम्या फोल्डरमधे एक सी फाइल करा, त्यात फक्त तुमचं पब्लिक हेडर इन्क्लूड करा आणि कुठलाही मॅक्रो न देता कंपाइल करा, मग तीच फाइल सी प्लस प्लस म्हणून. दोन्हीकडे एकही एरर यायला नको. तुमच्या सध्याच्या हेडरवर आज हेच करून बघा, आणि काय एरर आले ते इथं टाका, मी बघतो.