पाच टक्के म्हणजे किती, हिशोब करून बघ भाऊ

अरे भो,

परवा तुझी आई बीपीच्या गोळ्या न्यायला दुकानात आली आणि पिशवीतून हायलायटर पेनाएवढी एक जांभळी नळी, म्हणजे व्हेप (ई-सिगारेट), काढून काउंटरवर ठेवली. "हाई काय शे भाऊ, पोऱ्याना खिसामा सापडनं." मी म्हटलं मी बोलतो त्याच्याशी, म्हणून हे लिहितोय.

तू म्हणशील काका यात धूर नाही, टार नाही, सिगारेटपेक्षा बरं. धूर आणि टार नाही हे खरंय, मी नाकारत नाही. पण नळीवर बारीक अक्षरात ५% आणि १२ मिली लिहिलंय ते वाचलंस का कधी? ५% म्हणजे एका मिलीत साधारण ५० मिग्रॅ निकोटीन, बाराने गुण, ६०० झाले. एका सिगारेटमधून अंगात जेमतेम १ ते दीड मिग्रॅ जातं. नळीतलं सगळं अंगात उतरत नाही हे मान्य, तरी आकडा बघ ना भो. युरोपात कायद्याने एका मिलीत २० मिग्रॅच्या वर असेल तर विकताच येत नाही. आधीच्या व्हेपमध्ये एवढं नसायचंच, २०१५ मध्ये अमेरिकेत जूल नावाचं व्हेप आलं, त्याच्या ०.७ मिलीच्या एका पॉडमध्ये (लिक्विडच्या कुपीत) २० सिगारेटच्या पाकिटाएवढं निकोटीन असं कंपनीच सांगायची, मग बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला आणि वापरून फेकायच्या नळ्या तर मोठ्याच होत गेल्या.

आता एवढं स्ट्राँग असून घशाला लागत कसं नाही? आपल्याकडे तंबाखूत चुना मळतात, चुन्याने निकोटीन मोकळं होतं, झटकन चढतं, पण तोंड पोळतं. व्हेपमध्ये उलटं करतात, बेन्झॉइक ॲसिडसारखं आम्ल टाकून निकोटीनचं सॉल्ट (क्षार) बनवतात, म्हणजे घसा खवखवत नाही आणि कलिंगडाच्या वासाखाली कडूपणाही दबतो. नवख्या पोराला पहिल्या झुरक्याला जो ठसका लागायचा आणि तो तिथेच थांबायचा, तो ठसकाच काढून टाकला यांनी. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. आणि सिगारेट संपते तरी, ही नळी संपतच नाही, लेक्चरच्या मधे, बाथरूममध्ये, झोपताना उशाशी, किती ओढलं याचा पत्ता लागत नाही.

तुझे वडील कपाशीवर फवारणी करताना पंपाला किती मिली ते झाकणाने मोजून टाकतात, अंदाजाने नाही. निकोटीन सल्फेट एके काळी पिकावर कीटकनाशक म्हणूनच मारायचे. मग छातीत घ्यायचं ते मोजायचं नाही का?

मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, या वयात सवय लवकर लागते आणि घट्ट बसते. सकाळी उठल्यावर आधी तीच आठवते का, दोन तास नाही मिळाली की चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, असं होतंय का, खरं खरं बघ. आणि घरी ताईचं लहान लेकरू आहे, सापडेल ते तोंडात घालतं. ते लिक्विड पोटात गेलं तर उलट्या, झटके, जीवावरही बेततं, कातडीतूनही शोषलं जातं. आजच घराबाहेर काढ ते, कचऱ्यात उघडं टाकू नको, आत बॅटरी पण असते.

२०१९ पासून आपल्या देशात हे बनवणं, आणणं, विकणं सगळं बंद आहे, म्हणजे तुला मिळतं ते चोरून आणलेलं, लेबल खरं की खोटं कोण तपासणार. मित्रांसाठी आणून देत असशील तर ताबडतोब थांब, पहिल्याच गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सोडायचं म्हटलं की पहिले तीन-चार दिवस लई जड जातात, डोकं दुखतं, झोप लागत नाही, मग दोन-चार आठवड्यांत हळूहळू उतरतं. परीक्षेच्या आठवड्यात सुरू करू नको, आत्ता सुट्टी आहे तेव्हाच कर. १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन आहे, म्हणजे तंबाखू-निकोटीन सोडायला मदत करणारा फोन नंबर, फुकट, लाज न बाळगता लाव. डॉक्टरांना एकदा दाखवून घे, त्यांनी २ मिग्रॅचा निकोटीन गम सांगितला तर तो च्युइंगमसारखा चघळत बसायचा नाही, चुणचुण लागली की गालात दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की परत दोनदा चावायचा. बाकीचं समोरासमोर सांगतो, दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं, गर्दी नसते तेव्हा मागच्या दाराने ये.

तुझा मेडिकलवाला काका