वाचकांचे प्रश्न : जोडीदाराची हृदयशस्त्रक्रिया

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय 61 वर्षे आहे. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्यांत अडथळे आढळल्यामुळे बायपास करण्याचे ठरले असून पुढच्या आठवड्यात त्यांना दाखल व्हायचे आहे. शल्यविशारदांनी सर्व समजावून सांगितले, परंतु त्या वेळी मी इतकी गोंधळले होते की निम्मे बोलणे कानांवरून गेले. अतिदक्षता विभागात आणि नंतर घरी मला नेमके काय पाहावे लागेल, काय करावे लागेल? मी घाबरलेली दिसले तर ते अधिक खचतील, म्हणून सध्या त्यांच्यासमोर हसत वावरते.

उत्तर : त्या हसण्यापासूनच सुरुवात करू. इतकी वर्षे बरोबर राहिलेल्या माणसाला आपल्या जोडीदाराचे हसू खरे आहे की ओढूनताणून आणलेले, हे कळतेच; आणि ते कळले की ‘डॉक्टरांनी हिला काहीतरी वेगळे सांगितलेले दिसते’ असा अर्थ लावून तो मोकळा होतो. ‘मलाही भीती वाटते आहे’ एवढे तुम्ही बोललात, तर त्यांनाही आपली भीती बोलून दाखवायला वाट मिळेल. शल्यविशारदांची पुन्हा एकदा वेळ मागा, प्रश्न लिहून न्या आणि उत्तरे टिपून घ्यायला एखाद्या मुलाला बरोबर बसवा. एकच गोष्ट दोनदा विचारणाऱ्या नातेवाइकांची डॉक्टरांना सवय असते.

दाखल होण्यापूर्वी एका कागदावर त्यांची सर्व औषधे मात्रेसह लिहून काढा. त्यात मधुमेहाची, झोपेची आणि कोणाच्या सांगण्यावरून चालू असलेली इतर औषधेही आली पाहिजेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी काही शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवतात, तर काही चालू ठेवतात. हा निर्णय घरी करू नये. तीन चेंडूंचे श्वसन-व्यायामाचे यंत्र मिळाले असेल, तर त्याचा सराव आत्ताच सुरू करा. त्यात फुंकायचे नसून संथपणे श्वास आत ओढायचा असतो, आणि ही साधी गोष्ट छातीत वेदना असताना नव्याने शिकणे फार जड जाते.

शस्त्रक्रियेला साधारणपणे तीन ते सहा तास लागतात. आत नेल्यावर भूल देणे, नळ्या आणि तपासणीच्या तारा जोडणे यातच बराच वेळ जातो, त्यामुळे बाहेर बसून घड्याळावरून तर्क करू नयेत. बायपासमध्ये छातीच्या आतली धमनी आणि बहुधा पायातली शीर वापरून अडथळ्याच्या पुढे रक्ताला नवी वाट करून देतात. हे काम कधी धडधडत्या हृदयावर होते, तर कधी हृदय थांबवून रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर सोपवले जाते. हृदय थांबवणार हे ऐकूनच अनेकांचा धीर सुटतो. परंतु या यंत्राच्या आधाराने हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डॉ. जॉन गिबन यांनी 1953 मध्ये केली होती आणि आज ती हृदयशल्यविशारदांच्या रोजच्या कामातली बाब आहे.

अतिदक्षता विभागातील पहिली भेट सर्वांत अवघड असते, आणि तिची कल्पना आधी कोणी दिलेली नसते. चेहरा सुजलेला, वर्ण फिकट, हात गार, तोंडात श्वसनयंत्राची नळी, छातीतून रक्तमिश्रित द्राव बाहेर आणणाऱ्या नळ्या, मानेत आणि मनगटात सुया, लघवीची नळी आणि सतत वाजणारी यंत्रे असे दृश्य असेल. यांतले जवळजवळ सर्व अपेक्षित असते. यंत्र वाजले म्हणजे संकट आले असे नाही. बोटावरची चिमटी सरकली तरी ते वाजते. घशातील नळी स्वरतंतूंमधून गेलेली असल्यामुळे शुद्धीवर आल्यावरही त्यांना बोलता येणार नाही. म्हणून आजच ठरवून ठेवा, की हात एकदा दाबला तर ‘हो’ आणि दोनदा दाबला तर ‘नाही’. पुढच्या दोन-चार दिवसांत ते असंबद्ध बोलू लागले, वेळ-काळ विसरले किंवा परिचारिकेवर संशय घेऊ लागले, तर ही शस्त्रक्रियेनंतरची भ्रमावस्था असू शकते. ती बहुधा काही दिवसांत ओसरते. परिचारिकेला लगेच सांगा, वाद घालू नका, त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र असल्यास ते परत द्या, आणि आज कोणता वार आहे, आपण कोठे आहोत, हे शांतपणे सांगत राहा. याच काळात तीन-चार रुग्णांपैकी एकाला नाडी अनियमित होण्याचा त्रास होतो. त्यावर औषधे आहेत, मात्र त्यामुळे मुक्काम थोडा लांबू शकतो.

सर्व सुरळीत असेल तर सुमारे आठवडाभरात घरी सोडतात. छातीचे हाड मधोमध कापून पोलादी तारेने बांधलेले असते. ते बऱ्यापैकी सांधायला सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण मजबूत व्हायला सुमारे तीन महिने लागतात. या काळात जड उचलणे, दार किंवा खुर्ची जोराने ढकलणे, दोन्ही हातांवर भार देऊन उठणे आणि वाहन चालवणे टाळायचे असते. नातेवाइकांकडून हमखास होणारी चूक अशी, की मदत करायची म्हणून ते रुग्णाला दंडाला धरून किंवा काखेत हात घालून उठवतात. त्या ओढीचा सगळा ताण सांधणाऱ्या हाडावर येतो. त्यांनी गुडघे वाकवून कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि तुम्ही पाठीमागून आधार द्यावा. खोकताना किंवा शिंकताना छातीशी उशी घट्ट धरली की वेदना कमी होते.

भूक मंदावणे, तोंडाची चव जाणे, तुटक झोप, बद्धकोष्ठता, छातीच्या डाव्या भागात बधिरपणा, ज्या पायातून शीर काढली तो सुजणे, हे सर्व काही आठवडे चालते. वेदनाशामक घेण्यात कमीपणा नाही. दुखते म्हणून खोल श्वास न घेणाऱ्याच्या छातीत कफ साठतो आणि फुप्फुसांना संसर्ग होण्याची भीती वाढते. रोज सकाळी ठरावीक वेळी वजन आणि ताप यांची नोंद ठेवा. ताप 100.4 अंश फॅरनहाइटच्या वर गेला, जखमेतून पू किंवा पाणी येऊ लागले, हालचाल करताना छातीच्या हाडात कट्कट् जाणवू लागली, एका दिवसात किलोभराहून अधिक वजन वाढले, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धडधड थांबेनाशी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधा. छातीत शस्त्रक्रियेपूर्वीसारखे दाटून येणे, अचानक दम लागणे, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काही दिसले तर फोनवर सल्ला मागण्यात वेळ न घालवता रुग्णवाहिका बोलवा.

आणखी एक सांगतो, कारण ते पुढे उपयोगी पडेल. तुमची मदत पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त लागेल आणि तिथून ती दर आठवड्याला कमी होत गेली पाहिजे. हे न साधल्यास काय होते, ते पुढच्या पत्रात दिसते.

प्रश्न : पतीची बायपास होऊन पाच आठवडे झाले. तपासण्या उत्तम आहेत. तरीही ते चिडचिड करतात, मध्येच डोळ्यांत पाणी आणतात, चालायला जायचे टाळतात. मी गोळ्या हातात देते, पाण्याचा पेलाही त्यांना उचलू देत नाही, रात्री दोन-तीनदा उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहते. काल ते म्हणाले, ‘तू मला आजारीच ठेवणार आहेस.’ हे माझ्या फार मनाला लागले आहे.

उत्तर : वाक्य कठोर आहे आणि तुमच्या कष्टांचा विचार करता अन्यायकारकही आहे; परंतु त्यात त्यांच्या प्रकृतीविषयीची एक चांगली बातमी दडलेली आहे. आपण बरे होऊ शकतो असे त्यांना वाटू लागले आहे, आणि घरातली व्यवस्था मात्र अजून पहिल्या आठवड्यातच थांबली आहे. पाचव्या आठवड्यात पाण्याचा पेला उचलणे हा हृदयावरचा भार नसतो. जोडीदार प्रत्येक हालचालीला ‘जपून’ म्हणू लागला, की रुग्णाला आपल्या हृदयावर विश्वास ठेवायला धीर होत नाही, मग तो चालणे टाळतो, चालणे टाळल्याने थकवा टिकतो आणि थकवा पाहून जोडीदार अधिक जपू लागतो.

म्हणून कामांची वाटणी नव्याने करा. गोळ्यांची आठवड्याची डबी ते स्वतः भरतील आणि तुम्ही फक्त आठवड्यातून एकदा नजर टाकाल. वजनाची नोंद ते ठेवतील. चालण्याचे प्रमाण डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून ठरवून घ्या. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग योग्य, हा सर्वांत सोपा निकष आहे. आरंभी तुम्ही बरोबर जा, नंतर त्यांना एकट्याने जाऊ द्या आणि ते परत येईपर्यंत तुम्ही दुसरे काही करा. हे तुम्हालाच अधिक कठीण जाईल. उपलब्ध असेल तर हृदयरुग्णांसाठीच्या पुनर्वसन कार्यक्रमात त्यांचे नाव नोंदवा. तिथे देखरेखीखाली व्यायाम होतो आणि आपल्या नवऱ्याची नाडी वाढून पुन्हा पूर्ववत होते, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

मात्र चिडचिड आणि रडणे सर्वस्वी तुमच्या जपण्यामुळे आहे, असे समजू नका. हृदयशस्त्रक्रियेनंतर सुमारे पाचांतील एका रुग्णाला नैराश्य येते. पहिल्या काही आठवड्यांतील हळवेपणा बहुधा आपोआप ओसरतो. पण सलग दोन आठवडे बहुतेक वेळ उदासी राहिली, कशातच रस वाटेनासा झाला, औषधे टाळली जाऊ लागली किंवा ‘वाचलो नसतो तर बरे झाले असते’ अशी भाषा कानी आली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता हृदयरोगतज्ज्ञांना सांगा. शेवटच्या प्रकारच्या बोलण्याच्या बाबतीत तर त्याच दिवशी सांगा. या नैराश्यावर हृदयाला सुरक्षित अशी औषधे आणि समुपदेशन उपलब्ध आहे, आणि उपचार न केल्यास हृदयाचे बरे होणेही रखडते. ‘मन घट्ट करा’ हा उपदेश कृपया करू नका, आणि भेटायला येणाऱ्यांनाही करू देऊ नका.

आता तुमच्याविषयी, कारण पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिले आहे. रात्री श्वास तपासण्याने त्यांचे काहीही रक्षण होत नाही आणि तुमची झोप मात्र मोडते. त्रास झाल्यास हाक मारायची किंवा उशाशी ठेवलेली घंटी वाजवायची, एवढे ठरवून झोपा. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांपैकी कोणीतरी घरी थांबावे आणि तुम्ही बाहेर पडावे. तुमच्या स्वतःच्या रक्तदाबाची तपासणी या धावपळीत राहून गेली असण्याची शक्यता मला फार वाटते. ‘मला काय झाले आहे’ म्हणून ती पुढे ढकलू नका. आणि त्यांच्या त्या वाक्याविषयी त्यांच्याशी बोला. रागाने नव्हे, पण ते लागले हे लपवूनही नव्हे.

प्रश्न : माझ्या पत्नीचे वय 38 वर्षे आहे. तीन महिन्यांपूर्वी तिच्या हृदयातील मायट्रल झडप बदलून धातूची बसवली. ती आता घरातली कामे करते, परंतु आम्ही दोघेही जवळ यायला घाबरतो. हे डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो.

उत्तर : तीन महिन्यांनंतर छातीचे हाड सांधलेले असते. पत्नी दोन मजले जिने सलग चढूनही छातीत न दुखता आणि फार दम न लागता बोलू शकत असेल, तर शरीरसंबंधांमुळे पडणारा भार तिचे हृदय सहसा पेलू शकते. तरीही ज्यांना तिच्या टू डी इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) निष्कर्ष ठाऊक आहेत, त्या डॉक्टरांना एकदा विचाराच. हा प्रश्न त्यांना नवा नाही. आरंभी तिच्या छातीवर आणि हातांवर भार येणार नाही, एवढे पाहा. इच्छा मंदावण्याला काही औषधे, थकवा किंवा छातीवरच्या व्रणाबद्दलचा संकोच कारणीभूत असू शकतो, तेव्हा त्याचा अर्थ दुरावा असा लावू नका.

धातूची झडप असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी तिला जन्मभर लागेल, आणि येथे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली बाब येते. ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. त्यामुळे संबंध पुन्हा सुरू करण्यापूर्वीच गर्भनिरोधनाविषयी हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांचा सल्ला घ्या. मूल हवे असेल तर ते नियोजनाअंती आणि त्यांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे, आणि दिवस राहिल्याची शंका आली तरी गोळी स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. याच गोळीमुळे मासिक पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. तो सोसत बसू नये. आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी, तपासणी चुकवू नका, दुखण्यावरची कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना झडपेची माहिती द्या, कारण त्याआधी तिला प्रतिजैविकाची मात्रा घ्यावी लागते.