कर्जातून न विचारता विम्याचे 18 हजार कापले, आता चोपडा कोर्टाचं समन्स आलंय. विमा मान्य नाही, मग जायलाच हवं का?

हो, जायलाच हवं. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागून विम्यासकट सगळा आकडा तुमच्या माथी बसेल. समन्सवर आधी ‘आदेश 37’ (म्हणजे झटपट चालणारा वसुलीचा दावा) लिहिलंय का ते बघा, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची मुदत वेगळी आहे. तो असेल तर 10 दिवसांत हजेरी नोंदवायची आणि पुढे निकालासाठीचं दुसरं समन्स आलं की आणखी 10 दिवसांत बचावाची परवानगी मागायची. साधा दावा असेल तर लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, 30 दिवसांत, कोर्टाने वाढवून दिलं तर 90 पर्यंत.

कैफियतीत ‘फसवलं’ एवढंच लिहून भागत नाही. सोबत हे लावा:
- पासबुकाचं पान: मंजूर 3 लाख, जमा 2 लाख 82 हजार
- विम्याच्या प्रस्ताव अर्जाची मागणी (सही तुमचीच आहे का, हे तिथेच कळतं)
- खातेउतारा, म्हणजे त्या 18 हजारांवर किती व्याज चढलं ते दिसेल

मात्र विमा खोटा ठरला तरी कर्ज माफ होत नाही. फार तर विम्याचा हप्ता आणि त्यावरचं व्याज वजा होईल. कर्ज महिलेच्या नावावर असेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा, महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.