बॅटरी बदलायच्या आधी फोन नक्की कधी तापतो ते बघा

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि त्याखाली लोकांनी दिलेले सल्ले पण वाचले. म्हणजे कवठेमहांकाळहून सांगलीला बाईकवर येताय, फोन हँडलच्या होल्डरला, मॅप चालू, बाईकच्याच चार्जरला वायर जोडलेली, भर दुपारचं ऊन, आणि मिरज येईस्तोवर स्क्रीन अंधुक होते, चार्जिंग थांबतं आणि फोन गार होऊ द्या असा मेसेज येतो. दुकानदार म्हणतोय बॅटरी गेली, बदला. माझं मत आधीच सांगून टाकतो, एवढ्यावरनं बॅटरी बदलू नका. घरात वायफायवर फोन गार राहतो हे तुम्हीच लिहिलंय, मग बॅटरीवर आळ घ्यायची एवढी घाई कशाला?

मी मिरजेत रिपेरिंगच्या काउंटरवर बसतो, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये असे फोन रोज येतात. त्यातले बरेचसे बिघडलेले नसतातच. फोनला पंखा नसतो, आतली उष्णता काच आणि फ्रेममधनंच बाहेर जाणार, आणि बाहेरची हवाच तापलेली असली की ती जाणार कुठं? ॲपलवाले स्वतः सांगतात की आयफोन 0 ते 35 अंशात वापरा, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात सावलीतच पारा 40 च्या आसपास असतो, वर काळं कव्हर आणि थेट ऊन. त्यात तुमच्या फोनवर एकाच वेळी चार कामं चालू आहेत, उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस आपोआप फुल जातो, जीपीएस चालू, नेट टॉवरमागून टॉवर बदलतंय, आणि चार्जिंग. यातलं एकेक काम फोन आरामात झेलतो, सगळी एकदम आली की तापतो. आणि चार्जिंग थांबतं ते बिघाड म्हणून नाही, मुद्दाम थांबवलेलं असतं. लिथियम-आयन सेल साधारण 45 अंशाच्या वर चार्ज करायचा नसतो, म्हणून फोन स्वतःच वायरमधनं करंट घेणं बंद करतो. स्क्रीन अंधुक करणं, प्रोसेसर हळू चालवणं, हे पण त्यातलंच. फोन स्वतःला वाचवतोय, त्याला शिव्या घालू नका.

मग करायचं काय, तर त्या चारातली दोन कमी करा. घरनं निघताना चार्ज करून निघा आणि गाडीवर चार्जिंग लावूच नका, एवढ्या एका गोष्टीनं बराच फरक पडतो. मॅप घरी वायफायवर ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. रस्ता रोजचा असेल तर मॅप कशाला हवाय हा प्रश्न मी विचारणार नाही, ट्रॅफिक बघायला लागतो म्हणाल, पण मग निदान सरळ हायवेला स्क्रीन बंद करून फोन खिशात टाका आणि शहरात शिरताना काढा. कव्हर जाड रबराचं असेल तर उन्हाळ्यापुरतं काढा. अजून एक, होल्डरचा विषय निघालाच आहे म्हणून, बाईकच्या इंजिनच्या थरथरीनं कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे फोटो हलू न देणारी यंत्रणा, खराब होऊ शकतं असं ॲपलनं 2021 मध्ये स्वतःच सांगितलंय, तेव्हा महागडा कॅमेरा असलेला फोन कायम हँडलला लावू नये हे माझं प्रामाणिक मत.

कारवाल्यांनी पण ऐका, डॅशबोर्डवर काचेखाली फोन ठेवून जेवायला उतरू नका. बंद गाडीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं.

आता जे घरात बसूनही तापतो म्हणून तक्रार करतात त्यांच्यासाठी, कारण खाली दोघातिघांनी तेच विचारलंय. एक म्हणजे रेंज. पाटण, कोयनेकडं किंवा शिराळ्याच्या डोंगरातल्या गावात गेलं की फोन खिशात पडल्यापडल्या गरम होतो, लोकांना वाटतं व्हायरस आलाय. रेंज कमी असली की टॉवर गाठायला फोन जास्त ताकद लावून सिग्नल पाठवतो आणि सारखा शोधत बसतो, तीच ती उष्णता असते. 5जी एक कांडी दाखवत असेल तर सेटिंगमधनं 4जी करून टाका, आणि रेंज अजिबातच नसेल तर एरोप्लेन मोड. त्याच अवस्थेत हॉटस्पॉट देऊन पोरांना यूट्यूब लावून दिलं तर तो तापणारच, त्यात नवल काय.

दुसरं म्हणजे मोठं अपडेट मारल्यावर एकदोन दिवस फोन गरम राहतो, आत फोटोंची वगैरे मांडणी नव्यानं चालू असते, तेवढं थांबा. कधी कधी दोष खरंच सॉफ्टवेअरचाच असतो, 2023 साली आयफोन 15 प्रो तापतो म्हणून जगभर बोंब झाली तेव्हा ॲपलनं आयओएस 17 मधल्या एका बगकडं आणि काही ॲपांकडं बोट दाखवलं आणि 17.0.3 अपडेट काढलं. तेव्हा सेटिंगमधलं बॅटरी युसेज उघडून बघा कुठलं ॲप वर बसलंय ते. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर उडवा. कळतच नसेल तर अँड्रॉइडवाल्यांनी सेफ मोडला फोन चालू करा, त्यात तुम्ही टाकलेली ॲपं बंद असतात, तिथं गार राहिला तर चोर त्या ॲपांतच आहे. आणि ते फोन गार करणारी म्हणून जी ॲपं येतात ती पहिल्यांदा काढा, ॲप गार करणार कशानं? जाहिराती दाखवून उलट तापवतात.

चार्जिंगला तापणं थोडंफार चालतं, फास्ट चार्जर असेल तर जास्तच, पण हात लावता येईना इतकं नको. चार्जिंगला लावून गेम खेळणं, उशीखाली ठेवून झोपणं, ही दोन कामं बंद. फुल चार्ज आणि उष्णता हे दोन्ही एकत्र आलं की बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून फोनमध्ये 80 टक्क्यांवर थांबवायचा पर्याय असेल तर तो लावून ठेवा. चार्जर रस्त्यावरचा घेऊ नका, त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि R या अक्षरानं चालू होणारा रजिस्ट्रेशन नंबर छापलाय का ते बघून घ्या.

आणि पिनच्या तोंडाशीच गरम लागत असेल तर आधी भोक बघा. द्राक्षबागेत नाहीतर हळदीच्या कामात असणाऱ्यांचे फोन येतात ना, त्या पोर्टमध्ये धूळ, औषधाची पावडर आणि खिशातला कापूस दाबून दाबून इतका घट्ट बसलेला असतो की पिन पूर्ण आत जातच नाही, अर्धवट टेकते आणि तिथंच तापते, कधी पिन काळी पण पडते. फोन बंद करायचा, लाकडी टूथपिकनं कडेकडेनं हळू उकरायचं, सगळा गोळा निघतो. सुई, टाचणी आत घालायची नाही आणि तोंडानं फुंकर पण मारायची नाही, ओल जाते.

फ्रीजमध्ये ठेवा म्हणणाऱ्या भावाला हात जोडून विनंती, असले सल्ले देऊ नका. गरम फोन एकदम गार केला की आत दव धरतं आणि मग खरंच आतला सर्किट बोर्ड जातो. सावलीत ठेवा, कव्हर काढा, चार्जिंग सोडा, पंख्याखाली टाका, बास.

आता खरंच काळजी करायची वेळ कुठली, तर फोनवर काही चालू नाही, रेंज फुल आहे, सावलीत पडलाय, तरी कॅमेऱ्याच्या खाली एकाच जागी चटका बसतोय, किंवा बंद केला तरी गरम राहतोय. हे बोर्डावरचं शॉर्ट असतं, पावसात भिजलेल्या फोनांत नंतर काही दिवसांनी हेच निघतं. आम्ही काय करतो, बोर्ड काढून त्यावर रोझिनचा (राळेचा) धूर धरतो, सगळ्यावर पांढरा थर बसतो, मग बाहेरून सप्लाय दिला की जो कॅपॅसिटर शॉर्ट असतो नेमका त्याच्यावरचा थर वितळून काळा ठिपका उघडा पडतो. तेवढा मोहरीएवढा तुकडा काढला की बऱ्याचदा फोन गार. तेव्हा असल्या फोनची नुसती बॅटरी बदलून पैसे घालवू नका, आणि बदला म्हणणाऱ्याला आधी करंट किती खातोय ते मशीनवर दाखव म्हणा.

बॅटरी बदलायची खूण वेगळी. 30 टक्के दाखवत असताना फोन पटकन बंद पडतो, किंवा आयफोनवर बॅटरी हेल्थ 80 टक्क्यांच्या खाली गेलीय, तर बदला. पाठीमागचं झाकण उचललंय, स्क्रीन कडेनं वर आलीय, टेबलावर ठेवला की डुलतो, म्हणजे बॅटरी फुगलीय, मग उद्यावर टाकायचं नाही. चार्जिंग लावायचं नाही, दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, बंद करून सर्व्हिस सेंटरला. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात पण टाकू नका, 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, तिथंच द्या.

तर दादा, तुम्ही उद्या चार्जिंग न लावता त्याच वेळेला त्याच रस्त्यानं येऊन बघा, आणि संध्याकाळी बॅटरी युसेजचा स्क्रीनशॉट, फोनचं मॉडेल आणि बाईकचा चार्जर कुठला ते इथं टाका. तरीही मेसेज आला तर दुपारनंतर कधीही काउंटरला या, पोर्ट आणि करंट दोन्ही बघून देतो.