नवा अल्बम म्युझिकबीमध्ये घातला की त्याचे तुकडे का होतात? अख्खा अल्बम एकत्र कसा घालायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: सुमारे चारशे अल्बमची लायब्ररी म्युझिकबी या विंडोजवरच्या फुकट म्युझिक प्लेअरमध्ये आहे. नवा अल्बम फोल्डरमध्ये टाकला की त्याचे तीन-चार तुकडे दिसतात, एकच गायक यादीत दोनदा-तीनदा येतो आणि मग नावं सुधारून फाइली हलवल्या की जुन्या प्लेलिस्ट मोडतात. तिन्ही त्रासांचं मूळ एकच आहे. टॅग, म्हणजे फाइलीतच लिहिलेली गाणं-गायक-अल्बमची माहिती, पूर्ण व्हायच्या आधी अल्बम लायब्ररीत शिरतो. टॅग आधी, जागा नंतर, एवढा क्रम पाळला तर बाकीचं काम अल्बममागे दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

आधी तुकडे का पडतात ते पाहू. अल्बमचं नाव आणि 'अल्बम आर्टिस्ट' हा टॅग, या दोन गोष्टी जुळल्या तर गाणी एका अल्बमची धरली जातात. 'अल्बम आर्टिस्ट' रिकामा असेल तर त्याच्या जागी 'आर्टिस्ट', म्हणजे त्या गाण्याचा गायक, धरला जातो. मराठी चित्रपटसंगीतात हे हमखास घडतं. 2016 च्या 'सैराट'चं उदाहरण घ्या. चार गाणी, एक अजय गोगावले यांचं एकट्याचं, एक श्रेया घोषाल यांचं, एक अजय आणि चिन्मयी यांचं, एक अजय-अतुल यांचं. चार गाण्यांना चार वेगवेगळी नावं, म्हणून चार तुकडे. चारही फाइलींच्या 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये 'अजय-अतुल' लिहा, 'आर्टिस्ट'मध्ये ज्याचा तो गायक राहू द्या, अल्बम एक होतो. चित्रपटासाठी संगीतकार, भावगीतांच्या किंवा नाट्यगीतांच्या मिश्र संग्रहासाठी 'विविध कलाकार', शास्त्रीय मैफलीसाठी मुख्य गायक किंवा वादक, जुगलबंदी असेल तर दोन्ही नावं मुखपृष्ठावर आहेत त्या क्रमाने. तबला-हार्मोनियमची साथ 'आर्टिस्ट'मध्ये घालू नका, नाहीतर कलाकारांच्या यादीत प्रत्येक मैफलीचं एक नवं जोडनाव तयार होतं. साथीदारांची नावं 'कॉमेंट'मध्ये किंवा 'परफॉर्मर'च्या टॅगमध्ये लिहा, पण लिहा मात्र नक्की. ती माहिती सीडीच्या कागदावरच असते आणि तो कागद सगळ्यात आधी हरवतो.

आता मांडणी. लायब्ररीच्या फोल्डरच्या बाहेर 'आवक' नावाचं वेगळं फोल्डर करा आणि म्युझिकबीच्या प्रेफरन्सेसमध्ये लायब्ररीच्या पानावर ते नजर ठेवण्याच्या फोल्डरांत जोडा. नव्या फाइली कुठे घ्यायच्या या पर्यायात 'लायब्ररी' न निवडता 'इनबॉक्स' निवडा. इनबॉक्समधली गाणी ऐकता येतात, दुरुस्त करता येतात, पण मुख्य यादीत मिसळत नाहीत. म्युझिकबीतली ही सगळ्यात उपयोगाची सोय आहे आणि बहुतेक लोक तिच्याकडे बघतही नाहीत.

टॅगांसाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरा; म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या खुल्या संगीत-नोंदसंग्रहातून माहिती घेऊन तो टॅग भरतो. तोही फुकट आहे. पहिल्यांदाच तीन सेटिंग लावून टाका. फाइलींचं नाव बदलणं आणि फाइली हलवणं हे दोन्ही पर्याय बंद ठेवा. फाइली हलवण्याचं काम एकाच प्रोग्रॅमने करावं, आणि ते म्युझिकबीचं. एमपी3 साठी आयडी3 ची (टॅग लिहिण्याच्या पद्धतीची) आवृत्ती 2.3 आणि लिपीसाठी यूटीएफ-16 निवडा. जुने प्लेअर आणि गाडीतले स्टिरिओ 2.4 नीट वाचतीलच असं नाही. 2.3 निवडलं की दोन गीतकार किंवा दोन संगीतकार असतील तिथे पिकार्ड नावांच्या मध्ये तिरकी रेघ घालतो. ती बदलून अर्धविराम करा, कारण म्युझिकबी अर्धविरामावर नावं वेगळी करतो. फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या) फाइलींना यातलं काही लागत नाही, त्यांचे टॅग मुळातच यूटीएफ-8 मध्ये असतात.

मग अल्बमचं फोल्डर पिकार्डमध्ये ओढा, 'क्लस्टर' दाबा, तयार झालेला गठ्ठा निवडा आणि 'लुकअप' दाबा. 'स्कॅन' नको, निदान सुरुवातीला तरी नको. 'स्कॅन' गाण्याचा ध्वनिठसा काढून तेच ध्वनिमुद्रण कुठे कुठे आहे ते शोधतो, आणि आपल्याकडचं एकेक लोकप्रिय गाणं डझनभर 'सुवर्णगीतं' छाप संग्रहांत असतं. मग दहा गाण्यांचा तुमचा अल्बम उजव्या बाजूला सहा संग्रहांत विखुरतो. 'स्कॅन' सुट्या, बेनाव फाइलींसाठी ठेवा. अल्बम उजवीकडे आला की प्रत्येक ओळीपुढचा रंगीत चौकोन पाहा. हिरवा म्हणजे जुळणी चांगली, लालसर म्हणजे शंका. शंका असेल तिथे गाण्याची लांबी ताडून पाहा: पाच-सात सेकंदांचा फरक चालतो, मिनिटभराचा फरक म्हणजे दुसरं ध्वनिमुद्रण. सगळ्या ओळी भरल्या की अल्बमचं चिन्ह सोनेरी होतं. एखादी ओळ रिकामी राहिली तर तुमच्याकडे गाणं कमी आहे किंवा तुम्ही वेगळी आवृत्ती निवडली आहे. तसंच पुढे रेटू नका, अल्बमवर राइट क्लिक करून दुसरी आवृत्ती निवडा.

मराठी अल्बम म्युझिकब्रेन्झवर सापडत नाही, असं बऱ्याचदा होतं. तेव्हा दोन मार्ग आहेत. एक, टॅग हाताने भरायचे. दुसरा, आणि मला हाच पटतो, अल्बमची नोंद आपणच तिथे करायची. तिथे खातं उघडायला पैसे पडत नाहीत, गाण्यांची यादी एकगठ्ठा चिकटवता येते आणि गठ्ठ्यातली माहिती थेट नोंदीच्या फॉर्ममध्ये नेणारं प्लगिन पिकार्डमध्ये मिळतं. पंधरा मिनिटं जातात, पण पुढच्या माणसाला तो अल्बम सापडतो. नोंद करताना मुखपृष्ठावर आहे तसंच लिहा, मनाने शुद्धलेखन सुधारू नका.

आता एकच गायक दोनदा दिसण्याबद्दल. इथे थोडं थांबायला हवं, कारण या बाबतीत इंग्रजीतल्या मार्गदर्शिका आपल्या कामाच्या नाहीत. 'किशोरी आमोणकर', 'विदुषी किशोरी आमोणकर' आणि 'गानसरस्वती किशोरी आमोणकर' हे संगणकाच्या लेखी तीन कलाकार आहेत. वर 'पं.', 'पंडित', 'उस्ताद' लावत गेलात तर निम्मे गायक 'प'खाली आणि उरलेले 'उ'खाली गोळा होतात. टॅगमध्ये नुसतं नाव लिहा. त्यात अनादर नाही, ते कपाटावरचं लेबल आहे. लिपीही एकच ठरवा. रोमन नावं यादीत आधी येतात आणि देवनागरी नंतर, त्यामुळे दोन्ही ठेवलीत तर एकाच गायकाचे अल्बम यादीच्या दोन टोकांना जातात.

लिपी एक ठरवली तरी एक सापळा उरतो. 'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. यातलं 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतं: एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण आतले कोड वेगळे. 'ॲ'चंही तेच. ते एक सलग अक्षर म्हणूनही येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. एका कळफलकावरून टंकलेलं नाव शोधाल तर दुसऱ्यावरून टंकलेलं सापडेलच असं नाही. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा हा याचाच सख्खा भाऊ. म्हणून आधीपासून लायब्ररीत असलेल्या कलाकाराचं नाव कधीही पुन्हा टंकू नका. जुन्या अल्बममधून कॉपी करा आणि नव्या अल्बमची सगळी गाणी एकदम निवडून चिकटवा.

दोन सीडींचा संच असेल तर अल्बमच्या नावात 'भाग 1', 'भाग 2' लिहिण्याचा मोह टाळा. दोन्हींचं नाव एकच ठेवा आणि 'डिस्क' क्रमांकात 1 व 2 भरा. फक्त पहिला आणि दुसरा भाग वेगवेगळ्या वर्षी स्वतंत्रपणे विकायला आले असतील तर ते दोन अल्बम आहेत, तसेच राहू द्या.

मुखपृष्ठ 600 ते 1000 पिक्सेलचं जेपीजी पुरे, आकार 200-300 केबी. 5 एमबीचं चित्र बारा गाण्यांत प्रत्येकी बसवलं की नुसत्या चित्रांचे 60 एमबी होतात आणि मोबाइलवर यादी सरकवताना अडखळते. मोठं चित्र हवंच असेल तर ते फोल्डरमध्ये वेगळं ठेवा.

आवाजाची पातळी मोजायची असेल तर 'टूल्स'मधून पूर्ण अल्बम एकदम निवडून मोजा आणि फक्त रीप्लेगेनचे, म्हणजे वाजवताना आवाज किती कमी-जास्त करायचा ते सांगणारे, टॅग लिहायला सांगा, फाइलीतला आवाज बदलायला नाही. एकेक गाणं सुटं मोजून वाजवलं तर हळुवार आलाप मुद्दाम मोठा होतो आणि द्रुत लहान होतो. गायकाने जी चढण बांधली तीच सपाट होते.

हे सगळं झाल्यावर शेवटची पायरी. प्रेफरन्सेसमध्ये फाइलींच्या मांडणीचा साचा असा ठेवा: अल्बम आर्टिस्ट, त्यात वर्ष आणि अल्बम, त्यात दोन आकडी क्रमांक आणि गाण्याचं नाव. दोन आकडी यासाठी की काही स्टिरिओ 1 नंतर थेट 10 आणि 11 वाजवतात. मग इनबॉक्समधला अल्बम निवडून 'सेंड टू'मधून मांडणीच्या फोल्डरमध्ये हलवा आणि त्यानंतर लायब्ररीत पाठवा.

नावांच्या लांबीकडे लक्ष असू द्या. विंडोजमध्ये अख्ख्या मार्गाची नेहमीची मर्यादा 260 चिन्हांची. पण लायब्ररी नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या सामायिक डिस्कवर) किंवा लिनक्सच्या डिस्कवर असेल तर एका नावाला 255 बाइट मिळतात, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे धरून. 'ज्ञानेश्वरी' दिसायला छोटा शब्द, पण त्यात 11 चिन्हं, म्हणजे 33 बाइट. एकूण 85 चिन्हांत नाव बसवायचं आहे. राग, बंदिशीचे बोल, ताल आणि लय असं सगळं गाण्याच्या नावात लिहिलंत तर कॉपी मध्येच अडते. फाइलीच्या नावात राग आणि बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द येऊ द्या, ताल-लय टॅगमध्ये ठेवा. प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं दिसणारं इंग्रजी अपूर्णविरामाचं चिन्ह, अवतरणचिन्ह, तिरकी रेघ ही विंडोजला फाइलीच्या नावात चालत नाहीत; साच्यात त्यांच्या जागी काय घालायचं ते ठरवून ठेवा.

आधीच फुटलेले अल्बम दुरुस्त करताना फाइल एक्सप्लोररला हात लावू नका. म्युझिकबीमध्येच तुकडे निवडा, अल्बमचं नाव आणि 'अल्बम आर्टिस्ट' एकसारखे करा आणि हलवायचं ते तिथूनच हलवा. त्याने स्वतः हलवलेल्या फाइलीचा नवा पत्ता त्याच्याकडे असतो, म्हणून प्लेलिस्ट आणि किती वेळा ऐकलं याचे आकडे टिकतात. एक्सप्लोररमधून हलवलेली फाइल त्याच्या दृष्टीने हरवलेली असते आणि नव्या जागी सापडली तर नवी, शून्य वेळा ऐकलेली. सुरुवात एकाच अल्बमपासून करा, तो ज्या प्लेलिस्टमध्ये आहे ती वाजवून पाहा, मग पुढचे घ्या.