‘फर्नगली’ पाहून मुलगी विचारते, हे जंगल खरंच आहे का आणि ते कोणी वाचवलं? तिला काय सांगू?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांच्या लेकीसोबत ‘फर्नगली’ हा जंगलातल्या पऱ्यांचा कार्टूनपट पाहिल्यापासून तिचे हे दोन प्रश्न संपत नाहीयेत, आणि ‘ती नुसती गोष्ट आहे गं’ म्हटलेलं तिला पटत नाही. पोरीचं बरोबर आहे. ती नुसती गोष्ट नाही.

मी ब्रिस्बेनला राहतो. इथून दक्षिणेला गाडीने अडीच-तीन तास गेलं की न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाचं डोंगराळ वर्षावन लागतं. चित्रपटात ‘माउंट वॉर्निंग’ हे नाव येतं, तो डोंगर तिथे खराखुरा उभा आहे. तिथले मूळ रहिवासी बंडजलंग लोक त्याला वोलंबिन म्हणतात आणि पवित्र मानतात. चित्रपट १९९२ चा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचा मिळून केलेला, रॉबिन विल्यम्सच्या आवाजातलं ते वेडं वटवाघूळही अमेरिकनच. पण मूळ गोष्टी डायना यंग या ऑस्ट्रेलियन लेखिकेच्या आहेत, आणि जंगल इथलंच. पडद्यावर गाणं म्हणत झॅकला (पऱ्यांएवढा छोटा झालेला तो लाकूडतोड्या पोरगा) खायला निघालेली ती घोरपडही इथल्या रानात भेटते. गात मात्र नाही.

या भागात पूर्वी ‘बिग स्क्रब’ नावाचं सपाटीवरचं वर्षावन होतं, सुमारे ७५,००० हेक्टर. आज त्याचा एक टक्काही उरलेला नाही. आधी लाकूडतोडे आले ते लाल सीडरसाठी. या लाकडाला तेव्हा ‘लाल सोनं’ म्हणत. (हे झाड म्हणजे आपल्याकडचा तूनच, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकच जात. सह्याद्रीत कुठे दिसला तर लेकीला दाखवा.) मग शेतकऱ्यांनी उरलेलं रान साफ करून गाईंची कुरणं केली. राहिलं ते डोंगराच्या घळींत, जिथे बैलगाडी पोचत नव्हती.

टेरानिया क्रीक ही त्यातलीच एक घळ, आणि तुमच्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते तिथे आहे. १९७३ साली जवळच्या निम्बिन गावात तरुणांचा मोठा महोत्सव झाला. त्यातले बरेच जण शहराला कंटाळलेले. ते परत गेलेच नाहीत, आसपास स्वस्त जमिनी घेऊन राहिले. पुढच्या वर्षी ह्यू आणि नॅन निकल्सन या जोडप्याने अगदी जंगलाला लागून जागा घेतली. थोड्याच दिवसांत त्यांना कळलं की शेजारचं रान सरकारी वनखात्याच्या तोडीच्या यादीत आहे. ते कापायचं आणि त्या जागी निलगिरीच्या जातीची झाडं लावायची, असा बेत होता.

यापुढचा भाग कोणी चित्रपटात घेणार नाही, इतका तो कंटाळवाणा आहे. पाच वर्षं ही माणसं पत्रं लिहीत होती. मंत्र्यांना, वनखात्याला, वर्तमानपत्रांना. झाडांची नावं शिकली, याद्या केल्या, तज्ज्ञांना बोलावून घळ दाखवली. तरीही ऑगस्ट १९७९ मध्ये बुलडोझर आले, सोबत पोलीस आले. तेव्हा शेकडो लोक रस्त्यावर उतरले. कोणी गाड्या आडव्या लावल्या, कोणी यंत्रापुढे आडवं झालं, कोणी झाडावर चढून बसलं. अटका झाल्या, चिखलात गाणी झाली, पोरांना घेऊन आयाही आल्या होत्या. वर्षावनासाठी माणसं अशी यंत्रापुढे उभी राहण्याची ऑस्ट्रेलियातली ही पहिली वेळ. सगळं काही साजूक नव्हतं. कापून पडलेले ओंडके लाकूडगिरणीच्या उपयोगाचे राहू नयेत म्हणून रात्री कोणीतरी त्यांना करवत लावली, आणि त्यावरून आंदोलकांतच जुंपली. काही आठवड्यांनी राज्याचे मुख्यमंत्री नेव्हिल रॅन यांच्या सरकारने तोड थांबवून न्यायाधीशांची चौकशी बसवली.

चौकशीचा निष्कर्ष मात्र तोडीला हरकत नाही असाच आला! पण तोवर वर्षं गेली होती आणि शहरांतल्या मतदारांना वर्षावन म्हणजे काय ते टीव्हीवर दिसलं होतं. १९८२ मध्ये जवळच्या माउंट नार्डीवर पुन्हा लोक उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मंत्रिमंडळाने राज्यातली वर्षावनं राखायचा निर्णय घेतला आणि १९८३ मध्ये तिथे नाइटकॅप राष्ट्रीय उद्यान झालं. १९८६ साली ही सगळी वनं जागतिक वारशाच्या यादीत गेली. घळीतल्या धबधब्याला आज अधिकृत नावच ‘प्रोटेस्टर्स फॉल्स’, म्हणजे आंदोलकांचा धबधबा, असं आहे. त्याच्या कुंडात पोहायला बंदी आहे, कारण तिथे एक दुर्मीळ बेडूक राहतो. तुमच्या मुलीला हा बेडूक आवडेल असं वाटतं.

आता चित्रपटाबद्दल थोडं. मला तो आवडतो, पण त्यात एक चलाखी आहे. जंगल तोडतं कोण? हेक्सस, झाडात कोंडलेला धुराचा आणि तेलाचा राक्षस. तो सुटला, त्याने ते अजस्र यंत्र ताब्यात घेतलं, त्याला परत कोंडलं, संपलं. यंत्रातली दोन माणसं बिचारी बावळट, त्यांना काही कळतच नाही. टेरानियात राक्षस नव्हता. गिरणीत कामाला जाणारी, घरचे हप्ते असणारी माणसं होती, आणि तोड थांबली तर उद्या खायचं काय, हा त्यांचा प्रश्न खरा होता. त्या गावांत पुढे बरीच वर्षं दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलत नसत असं जुनी मंडळी सांगतात. मुलांच्या चित्रपटात हे मावणार नाही, मान्य. पण लेक दहा-बाराची झाली की तिला हेही सांगा. आणि बंडजलंग लोकांचं तर चित्रपटात एकही पात्र नाही. हजारो वर्षं तिथे माणूस राहत होता. पऱ्यांच्या दुनियेत मात्र ‘माणसं केव्हाच नाहीशी झाली’ असं बोलतात. ते मला दर वेळी खटकतं.

चित्रपटातली सगळ्यात खरी गोष्ट म्हणजे झॅकने झाडावर मारलेली लाल फुली. प्रत्यक्षातही असंच असतं. झाड पडायच्या कितीतरी आधी त्याच्यावर खूण पडते आणि खूण पडण्याआधी कुठल्यातरी कचेरीत कागदावर सही होते. मेळघाट-गडचिरोलीकडे कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) पडताना पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. निकल्सन जोडप्याने पाच वर्षं त्या सहीशी भांडण केलं, बुलडोझरशी फक्त शेवटी काही आठवडे.

म्हणून तिने ‘मग जादू नव्हती तर झाडं वाचली कशी?’ असं विचारलं तर मी सांगेन: तिथे शेजारी राहणारे लोक होते, त्यांनी खूप पत्रं लिहिली, कोणी ऐकलं नाही, मग ते जाऊन उभे राहिले. सात वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. आपल्या देशातलं हवं असेल तर याच्याही पाच वर्षं आधी, मार्च १९७४ मध्ये, चमोलीतल्या रेणी गावात गौरा देवी आणि गावच्या बायका ठेकेदाराच्या माणसांपुढे उभ्या राहिल्या, ती गोष्ट सांगा. गावातले पुरुष त्या दिवशी बाहेर गेले होते, हा तपशील मुलींना फार भावतो.

एक गोष्ट तिला एवढ्यात सांगू नका, तुमच्यासाठी लिहितो. नोव्हेंबर २०१९ च्या वणव्यात हे नाइटकॅपचं जंगलही पेटलं. ओलं वर्षावन सहसा जळत नाही. त्या वर्षी इतकं कोरडं पडलं होतं की आग आत शिरली. तिथल्या ब्रश बॉक्स जातीची काही झाडं तर एक हजार वर्षांहून जुनी आहेत. करवतीपासून वाचलेल्या या रानाला पुढे आग लागेल हे १९७९ मध्ये चिखलात बसलेल्या कोणाच्या ध्यानीमनी नसेल. धुराच्या राक्षसाला मी वर नावं ठेवली खरी, पण त्या उन्हाळ्यात ब्रिस्बेनवरही धूर पसरला होता आणि तेव्हा मला तो राक्षस जरा बरा वाटू लागला.

तुम्ही शेवटी विचारलंय, परत दाखवू का? खुशाल दाखवा. सव्वा तासाचाच आहे. हेक्सस तेलातून वर येतो त्या गाण्याला लहान मुलं दचकतात, आणि प्रयोगशाळेतून पळालेलं वटवाघूळ तिथल्या प्रयोगांवर गातं तेव्हा ‘त्याच्या डोक्याला ती तार का लावली?’ असा प्रश्न येणार, तयारी ठेवा. १९९८ चा दुसरा भाग शोधत बसू नका. त्यात रॉबिन विल्यम्स नाही, आणि वर लिहिलेल्यातलं काहीच नाही.